युनिकोड म्हणजे फॉन्ट नव्हे: स्क्रीन रीडर आणि आपले मराठी कागद

ग्रामसभेची नोटीस वर्ड फाइलमध्ये येते. डोळसाला पडद्यावर ‘मराठी’ दिसतं. अंध वाचकानं बाणाच्या कळीनं एकेक अक्षर ऐकलं, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) म्हणतो: ई, जे, के, बी, एच. तो चुकत नाही. फाइलमध्ये तीच पाच इंग्रजी अक्षरं आहेत. कृतीदेव फॉन्ट ‘ई’च्या जागी फक्त ‘म’चं चित्र काढतो.

स्क्रीन रीडर आणि प्रोग्राम यांच्यातलं बोलणं 1997 पासून रुळू लागलं: प्रत्येक बटणानं आपलं नाव, प्रकार आणि स्थिती सांगायची. लांब मजकूर आणि तक्ते त्यात नीट बसेनात. 2005 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कागदांसाठी खुला फाइल-साचा ठरवला, तेव्हा अंध वापरकर्त्यांनी हरकत घेतली. त्या साच्याची सॉफ्टवेअरं स्क्रीन रीडरला साथ देत नव्हती. 2006 च्या अखेरीस जुन्या पद्धतीला खुली पुरवणी जोडली गेली. त्याच सुमारास विंडोजबरोबर वेगळी, नवी पद्धतही आली. एकी झाली, पण दोन दारांची. एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर आजही दोन्ही ठोठावतो.

मराठीचं घोडं मात्र त्याआधीच अडलं होतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी, कंपन्यांनी मिळून काढलेली पद्धत. तिच्यात देवनागरी 1991 पासून आहे, तीही भारतीय लिप्यांसाठीच्या 1988 च्या ‘इस्की’ मानकाच्या धर्तीवर. पण विंडोज एक्सपीवर देवनागरी हवी तर कंट्रोल पॅनेलमध्ये वेगळी खूण करावी लागे, आणि मग ते मूळ सीडी मागे. आर्वी-पुसदकडच्या टायपिंग सेंटरवर ती सीडी कुठून असणार? शिवाय हात रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांवर बसलेले, तिथं ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते. ‘युनिकोड फॉन्ट नको, छपाई बिघडते’ हे वाक्य तेव्हापासून चिकटलं. युनिकोड हा फॉन्ट नाहीच; तो अक्षराचा क्रमांक आहे, आणि रेमिंग्टनच्या कळा ठेवूनही युनिकोड टाइप होतं.

2016 चा दिव्यांग कायदा आला, 2023 मध्ये डिजिटल सुलभतेचं आयएस 17802 हे मानक नियमांत आलं. नोटिसा मात्र अजून प्रिंट काढून, स्कॅन करून पीडीएफ होतात. त्यात अक्षरच नसतं, नुसता फोटो.

तपासणी सोपी आहे. मजकूर निवडून फॉन्ट ‘मंगल’ (विंडोजमधला युनिकोडचा फॉन्ट) करा; इंग्रजी अक्षरं उमटली तर फाइल कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली. ती युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासा. ईमेल पत्ते आधी बाजूला काढून ठेवा, नाहीतर त्यांचीही देवनागरी होते.