पार्श्वभूमी: पेनाच्या खिडकीतला आकडा

आयव्हीएफच्या सायकलमध्ये पोटाला चिमटी घेऊन रोज स्वतःला टोचायचं, हे ऐकल्यावर पहिली धडकी भरते ती सुईची. ती बहुतेकींची काही दिवसांत सरते, कारण सुई केसासारखी बारीक असते. इंजेक्शनच्या पेनाच्या खिडकीत दिसणाऱ्या डोसच्या आकड्याची धास्ती मात्र टिकून राहते. डायल बरोबर फिरली का, बटण शेवटपर्यंत दाबलं गेलं का, सुईच्या टोकाला लोंबणारा थेंब म्हणजे वाया गेलेला डोस का? या धास्तीला रुग्णाचा धांदरटपणा म्हणणं अन्याय आहे. तिची मुळं औषध मोजण्याच्या पद्धतीत आहेत.

स्त्रीबीजं वाढवणारं हे औषध पूर्वी रजोनिवृत्त स्त्रियांच्या लघवीतून काढलं जायचं. त्या उपचारानं पहिलं मूल १९६२ मध्ये जन्मलं. अर्कात हवं ते संप्रेरक, म्हणजे एफएसएच, ५ टक्क्यांहूनही कमी, बाकी इतर प्रथिनं. म्हणून इंजेक्शन कमरेवर, खोल स्नायूत. काचेच्या अँप्युलची मान मोडायची, पावडर विरघळवायची, सिरिंजमध्ये ओढायची. हे स्वतःच्या कमरेवर स्वतः करणं अवघडच, त्यामुळे रोज दवाखाना गाठायचा किंवा घरातल्या कुणाला तरी तयार करायचं. १९९०च्या दशकात शुद्ध अर्क आले, १९९५ पासून रिकॉम्बिनंट, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेलं एफएसएच आलं, आणि सुई कमरेवरून पोटावर आली. मधुमेहींच्या हातात पेन १९८५ पासून होतंच. तीच युक्ती २०००च्या आसपास इथे वापरात आली.

गुंता इथून सुरू होतो. एका अँप्युलमध्ये ७५ यूनिट असत, म्हणून डोसही ७५च्या पाढ्यात चाले: १५०, २२५, ३००. ‘तीन अँप्युल’ म्हटलं की डॉक्टर, सिस्टर आणि रुग्ण तिघांनाही कळे. पेनानं हा पाढा मोडला. २५ यूनिटच्या, पुढे त्याहूनही लहान टप्प्यांनी डोस बदलता येऊ लागला. शिवाय फॉलिट्रोपिन बीटा या एफएसएचच्या एका प्रकाराच्या बाबतीत असं दिसलं की पावडर कालवून साध्या सिरिंजनं दिलेल्या औषधापेक्षा पेनमधून सरासरी १८ टक्के जास्त औषध शरीरात जातं. बाटलीच्या कडांना, सुईच्या बुडाशी राहून जाणारं औषध पेनमध्ये वाया जात नाही. तेव्हा निर्णय झाला तो असा, की पेन वापरताना लिहायचा आकडाच कमी करायचा. १५०च्या जागी १२५, २२५च्या जागी १७५, ३००च्या जागी २५०.

हिशेब म्हणून यात चूक नाही. पण मागच्या सायकलमध्ये २२५ घेतलेल्या बाईला या वेळी १७५ दिसतात, तेव्हा तिला काय वाटत असेल? डॉक्टरांनी आशा सोडली, की लिहिताना चूक झाली? जुना आकडा लावला तरी तेवढंच औषध जाईल, अशी पेनाची पट्टी आखता आली असती, असं मला वाटतं. तसं न करता बदल समजावण्याचं काम दवाखान्यातल्या दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकावर सोडलं गेलं.

मुळात यूनिट हे वजन नव्हेच. उंदरांच्या अंडाशयाचं वजन औषधानं किती वाढतं, त्यावरून ते ठरे, आणि जिवंत प्राण्यावरच्या चाचणीत दर खेपेला थोडाफार फरक पडे. फॉलिट्रोपिन अल्फा पुढे वजनावर भरलं जाऊ लागलं, ७५ यूनिट म्हणजे ५.५ मायक्रोग्रॅम. तरी पेनावर यूनिटच राहिले. २०१६ मध्ये युरोपात मान्यता मिळालेलं फॉलिट्रोपिन डेल्टा थेट मायक्रोग्रॅममध्ये देतात आणि ते आकडे दुसऱ्या औषधाच्या यूनिटमध्ये बदलता येत नाहीत. औषध बदललं की २२५ची सवय झालेल्या डोळ्यांना खिडकीत १२ दिसू शकतात.

त्यात सायकलमधली सगळी औषधं पेनमध्ये नसतात. अकाली बीजमोचन रोखणारं एक इंजेक्शन भरलेल्या सिरिंजमध्ये मिळतं, तर दुसरं अजूनही पावडर कालवूनच घ्यावं लागतं. ट्रिगरला, म्हणजे स्त्रीबीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनला, घड्याळ चुकवून चालत नाही, कारण स्त्रीबीजं काढण्याची वेळ त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी ठरलेली असते. गर्भ टिकवणारं संप्रेरक, तेलातलं प्रोजेस्टेरॉन, ज्यांना देतात, त्यांची सुई पुन्हा कमरेवर जाते.

सर्वांत जास्त घोळ मात्र पेन संपत आलं की होतो. औषध पुरलं नाही तर काही पेनांची खिडकी शून्यावर येत नाही, मध्येच एका आकड्यावर थांबते. तो आकडा घेतलेल्या डोसचा नसतो, नव्या पेनातून अजून घ्यायच्या डोसचा असतो. ७५ दिसले तर ७५ बाकी. हे आधी कुणी सांगितलं नसेल, तर त्या रात्री पेन हातात धरून बसलेली बाई ते उलटंच वाचण्याचा संभव फार.