रानडुकरांमागे कुत्री सोडली की हरणांचे काय होते?

1950 च्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, सव्हाना नदीच्या काठी, अण्वस्त्रांसाठी लागणारे पदार्थ बनवण्याच्या प्रकल्पाकरिता सरकारने सुमारे 800 चौरस किलोमीटर जमीन ताब्यात घेतली. एलेंटनसारखी गावे उठली आणि सुमारे 6,000 माणसांना घरदार सोडावे लागले. मात्र त्या भागात डुकरे रानात मोकळी सोडून पाळण्याची रीत होती, त्यामुळे हाताला न लागलेली कितीतरी डुकरे मागेच राहिली आणि काही पिढ्यांत पुरती रानटी झाली. माणसांचा वावर थांबल्यावर तिथे पांढऱ्या शेपटीची हरणेही झपाट्याने वाढली. ती प्रकल्पाच्या रस्त्यांवर मोटारींना धडकू लागली, म्हणून 1965 पासून तिथे कुत्र्यांकरवी हाका घालून हरणांची नियंत्रित शिकार सुरू झाली आणि त्याच हाक्यात रानडुकरेही टिपली जाऊ लागली. हरिण, डुक्कर आणि कुत्रा यांचा परस्परसंबंध तपासायला याहून योग्य जागा मिळणे कठीण होते.

हा प्रश्न अमेरिकेच्या दक्षिणेत अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा यांसारख्या राज्यांत बहुतेक जमीन खासगी आहे आणि हरणांच्या शिकारीसाठी ती भाडेपट्ट्याने देणे हा जमीनमालकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग असतो. भाडे भरणारा शिकारी मचाणावर तासन्‌तास निश्चल बसतो आणि हरिण दिवसाउजेडी समोर यावे, यावर त्याचे सारे वर्ष अवलंबून असते. अशा जमिनीवर कुत्री घेऊन रानडुकरांची शिकार करणारी मंडळी आली, की त्याला धास्ती वाटते ती हरणे जमीन सोडून जातील याची. ही धास्ती कितपत खरी आहे?

सव्हाना नदीच्या प्रकल्पक्षेत्रात संशोधकांनी हरणांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधले, मुद्दाम कुत्री सोडली आणि प्रत्येक पाठलागाची नोंद ठेवली. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले, की पाठलाग सरासरी अर्धा तास चालत होता आणि हरिण त्या वेळात सुमारे 4 किलोमीटर धावत होते. बहुतेक हरणे आपल्या नेहमीच्या वावराच्या क्षेत्राबाहेर गेली खरी, पण साधारणतः दिवसभरात परतली. त्यांच्या पळण्यातही नुसती घबराट नव्हती. हरिण कधी नागमोडी धावते, कधी गोल फिरून स्वतःच्याच मागावरून परत येते, कधी पाण्यात उतरून वास तोडते, कधी दुसऱ्या हरणांत मिसळते आणि कधी दाट झुडपात अंग चोरून उभे राहते. कुत्रे ज्या वासाच्या धाग्यावरून येत असते, तो धागाच हरिण गुंतवून टाकते. याच परिसरात माद्यांवर झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही, थोड्या वेळाचे हाके घातले तरी हरणे आपला मुलूख कायमची सोडत नाहीत, असेच आढळले.

या प्रयोगांतली कुत्री हरणांच्याच मागावर होती, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. डुकरांच्या शिकारीसाठी तयार केलेल्या कुत्र्याला हरणाचा माग सोडून द्यायला पिलूपणापासून शिकवतात. हरणामागे धावणारे कुत्रे त्या मंडळींना चालतच नाही. तेव्हा अशा कुत्र्यांचा हरणांना होणारा उपद्रव त्याहून कमीच असावा. तरीही मचाणावरच्या शिकाऱ्याची तक्रार मला निराधार वाटत नाही. हरिण संध्याकाळपर्यंत परतले तरी ते बुजलेले असते, आणि ऐन हंगामात चार दिवस ते फक्त अंधारात बाहेर पडले, तर शिकाऱ्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. जमीन लहान असेल तर परिणाम अधिक जाणवतो, कारण 40 हेक्टरांच्या तुकड्यावरून हुसकलेले हरिण दोनतीन मिनिटांतच शेजाऱ्याच्या हद्दीत पोहोचते.

परंतु या साऱ्या चर्चेत खुद्द डुकराकडे दुर्लक्ष होते, आणि हरणांच्या जमिनीचे खरे नुकसान तेच करत असते. आपल्या सह्याद्रीतले रानडुक्कर आणि अमेरिकेतले रानटी डुक्कर यांची प्रजाती एकच. फरक एवढाच, की आपल्याकडे ते मूळचे आहे आणि तिथे ते माणसाने नेले. 1539 मध्ये स्पॅनिश सरदार एर्नांदो दे सोतो याने फ्लोरिडात पाळीव डुकरे उतरवली आणि 1912 च्या सुमारास उत्तर कॅरोलायनात शिकारीसाठी युरोपातून रानडुकरे आणली गेली. पुढे दोन्हींची सरमिसळ झाली. आज अमेरिकेत त्यांची संख्या साठ लाखांवर असल्याचा अंदाज आहे. पावसानंतर ओलसर मातीत कळप रात्रभर नाक खुपसून फिरला, की सकाळी ते कुरण अर्धवट नांगरून टाकलेल्या शेतासारखे दिसते. ढेकळे उलटलेली, मुळे वर आलेली, खड्ड्यांत गढूळ पाणी साचलेले. शरद ऋतूत ओक वृक्षांखाली पडणारी फळे हा हरणांचा हिवाळ्याआधी चरबी साठवण्याचा आधार, आणि नेमकी तीच डुकरांनाही आवडतात. हरणांसाठी मका टाकणाऱ्या यंत्राजवळ डुकरांचा कळप आला की हरणे मुकाट्याने बाजूला होतात. डुकरे क्वचित हरणाचे पाडसही खातात, पण पाडसांचा मोठा शत्रू म्हणजे कोयोटी हा लांडग्यासारखा लहान शिकारी प्राणी, डुक्कर नव्हे.

मग कुत्र्यांनी डुकरे कमी होतात का? ही शिकार दोन प्रकारच्या कुत्र्यांवर चालते. कॅटाहूला किंवा ब्लॅक माउथ कर जातीची कुत्री डुक्कर शोधून त्याला घेरतात. त्यांपैकी अनेक माग काढताना गप्प धावतात आणि डुक्कर उभे राहिले की एका जागी ठरावीक तालात भुंकू लागतात. मालक तो बदललेला आवाज ऐकून आणि हातातल्या यंत्रावर कुत्र्याच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याचा ठिपका पाहून तिकडे निघतो. मग जाड कापडाचे चिलखत घातलेले बुलडॉग किंवा पिट बुल सोडले जाते, ते डुकराचा कान वा जबडा धरून ठेवते आणि माणूस मागचे पाय पकडून डुकराला सुऱ्याने मारतो. एवढ्या खटपटीतून हाती लागते बहुधा एक, फार तर दोन डुकरे. उरलेला कळप दशदिशांना पांगतो.

इथे गणित निर्दय आहे. मादी 6 ते 8 महिन्यांत वयात येऊ शकते, तिचा गर्भकाळ सुमारे 115 दिवसांचा असतो आणि एका वेताला तिला साधारण 4 ते 6 पिल्ले होतात. त्यामुळे एखाद्या जमिनीवर 100 डुकरे असतील, तर त्यांची संख्या नुसती वाढू न देण्यासाठीच दरवर्षी सुमारे 60 ते 70 काढावी लागतात. शनिवारी एक आणि रविवारी दोन मारून हा हिशेब जुळत नाही. शिवाय वाचलेली डुकरे शहाणी होतात, रात्री वावरू लागतात, झाडोऱ्यात शिरतात आणि शेजाऱ्याच्या जमिनीवर मुक्काम हलवतात. ज्या मालकाने आठवडाभर मका टाकून कळपाला कोंडवाड्याची सवय लावली, त्याची सारी मेहनत शेजारच्या एका हाक्याने वाया जाऊ शकते. हा कोंडवाडा म्हणजे जाळीचे मोठे गोल कुंपण. कॅमेऱ्यातून पाहून, अख्खा कळप आत शिरल्यावरच त्याचे दार दुरून पाडतात, आणि म्हणूनच संख्या घटवण्याचे पहिले साधन तेच मानले जाते.

शिकारीची हौस उलटी कशी फिरते, हे टेनेसी राज्याने अनुभवले. 1999 मध्ये तिथे वर्षभर, कितीही डुकरे मारण्याची मोकळीक दिली गेली, आणि पूर्वी मोजक्या काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, असलेली डुकरे पुढच्या दशकात राज्यभर पसरली, कारण शिकारीसाठी लोकांनीच ती बेकायदा नेऊन सोडली. 2011 मध्ये राज्याला धोरण पालटावे लागले. कॅन्ससने तर हौसेखातर रानटी डुकरांची शिकार करण्यावर बंदीच घातली.

तरीही कुत्री निरुपयोगी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कॅलिफोर्नियाजवळच्या सांताक्रूझ बेटावर 2005 आणि 2006 मध्ये 5,036 डुकरे काढून बेट पूर्ण मोकळे केले गेले. तिथे आधी सापळे लावले, नंतर हेलिकॉप्टरमधून गोळ्या घातल्या, आणि सापळ्याला न भुलणारी, झुडपांत दडून राहिलेली डुकरे हुडकायला कुत्री वापरली. शंभरातली नव्वद डुकरे गेल्यावर उरलेली दहा माणसाला दिसत नाहीत, पण कुत्र्याला त्यांचा वास लागतो.

कुत्र्यांच्या जिवाचाही विचार हवा. सुळ्यांच्या जखमा डोळ्यांना दिसतात; स्यूडोरेबीज दिसत नाही. अमेरिकेत पाळीव डुकरांतून हटवलेला हा विषाणू रानटी डुकरांत टिकून आहे. डुकराला चावताना किंवा त्याचे कच्चे मांस खाताना तो कुत्र्याला लागला, तर कुत्रे असह्य खाजेने स्वतःचेच अंग चावत सुटते आणि दोनतीन दिवसांत मरते. त्यावर उपचार नाही. शिकारीनंतर कुत्र्याला बक्षीस म्हणून कच्चे मांस टाकण्याची जुनी सवय याच एका कारणासाठी कायमची सोडावी, असे मला मनापासून वाटते. डुक्कर सोलताना माणसानेही हातमोजे घालावेत, कारण या डुकरांपासून ब्रुसेला जिवाणूचा ताप माणसाला होतो.

ज्या मालकाला हरणेही हवीत आणि डुकरेही आटोक्यात हवीत, त्याच्यासाठी ऋतूंचा क्रम बराचसा ठरलेला आहे. हरणांचा हंगाम संपल्यावर, हिवाळ्याच्या अखेरीस रानात खाणे कमी पडते आणि भुकेले कळप मक्याला लवकर भुलतात, तेव्हा कोंडवाडे लावावेत. शेजाऱ्यांशी बोलून सर्वांनी ते एकाच वेळी लावले तर अधिक बरे. मार्चच्या सुमारास शिल्लक राहिलेल्या हुशार डुकरांसाठी हरणांना न छेडणारी मोजकी कुत्री आणावीत, आणि मे महिन्यात हरिणी व्यायला लागण्यापूर्वी ती रानातून बाहेर काढावीत.