डिझेल मुबलक, नायट्रोजनची वानवा

अंटार्क्टिकावरची संशोधन केंद्रं प्रामुख्याने डिझेलवर चालतात. टाक्या आणि नळ आले की गळती आलीच. सांडलेलं डिझेल तिथल्या थंडीत सावकाश उडतं आणि फार खोलही मुरत नाही, कारण खाली कायम गोठलेला थर असतो. उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर ते बाजूला पसरत राहतं.

ते खाणारे जिवाणू मात्र त्याच मातीत असतात. रोडोकोकस, स्युडोमोनास ही त्यांतली नेहमीची नावं. डिझेलमधली १६ कार्बनची एक सरळ साखळी घ्या. जिवाणूचं विकर (एन्झाइम) हवेतला ऑक्सिजन तिच्या टोकाच्या कार्बनला जोडतं. खरी अवघड पायरी हीच. पुढे साखळीचं मेदाम्ल झालं, की दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत ते पचवणं जिवाणूला सोपं जातं.

थंडीचाही बंदोबस्त असतो. पेशीचं पटल मेदाचं, म्हणजे गारठ्यात ताठरणारं. म्हणून हे जिवाणू त्यात गारठ्यातही मऊ राहणाऱ्या असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण वाढवतात. त्यांची विकरंही जास्त लवचीक असतात.

मग काम अडतं कुठे? डिझेलमध्ये जवळपास सगळा कार्बन आणि हायड्रोजनच. प्रथिनं आणि डीएनए घडवायला नायट्रोजन, फॉस्फरस लागतो आणि ध्रुवीय मातीत त्यांचाच दुष्काळ. मग घाला खत! पण तेही बेताने. मातीत पाणी जेमतेम असतं. खत जास्त झालं तर क्षारांमुळे पेशींतलंच पाणी बाहेर ओढलं जातं.

बाहेरून तगडे जिवाणू आणून सोडायची सोय जवळजवळ नाहीच. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणासाठीच्या १९९१च्या माद्रिद करारानुसार परके जीव तिथे आणण्यावर कडक बंधनं आहेत, आणि ते योग्यच आहे. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्रात दूषित माती खणून तिचे ढीग रचले, त्यांत खत आणि हवा खेळवली आणि स्थानिक जिवाणूंनाच कामाला लावलं. अशा कामाला वर्षं लागतात.

पण डिझेल जिवाणूंनी खाल्लं की नुसतंच उडून गेलं, हे ओळखायचं कसं? डिझेलमधलं १७ कार्बनचं सरळ हेप्टाडेकेन आणि फांद्या असलेलं प्रिस्टेन साधारण सारख्याच वेगाने उडतात, पण जिवाणू आधी सरळ साखळी फस्त करतात. प्रिस्टेनच्या तुलनेत हेप्टाडेकेन घटत गेलं, तर ते जिवाणूंचं काम.