योनाला माशाने गिळले, ही शिक्षा होती का?

परमेश्वराची आज्ञा मोडल्याबद्दल योना संदेष्ट्याला माशाच्या पोटात शिक्षा भोगावी लागली, असे रविवारच्या वर्गांपासून प्रवचनांपर्यंत सर्रास सांगितले जाते. मात्र बायबलमधील 4 अध्यायांचे योनाचे पुस्तक तसे म्हणत नाही. अश्शूरच्या निनवे नगरात जाऊन तेथील लोकांना इशारा देण्याच्या आज्ञेप्रमाणे वागण्याऐवजी याफो बंदरातून दूरच्या तार्शीशला जाणाऱ्या जहाजात बसलेल्या योनाला खलाशांनी त्याच्याच सांगण्यावरून समुद्रात टाकले, आणि तो बुडत असताना परमेश्वराने मासा पाठवला. म्हणूनच दुसऱ्या अध्यायातील त्याची प्रार्थना माशातून सुटका मागत नाही, तर खोल पाण्यातून आणि डोक्याला गुंडाळलेल्या शेवाळातून वाचवल्याबद्दल आभार मानते. पुढे तीच आज्ञा त्याला दुसऱ्यांदा मिळते, आणि हा तपशील मला माशाहून मोठा वाटतो.

तो भीतीपोटी पळाला, हा समजही तितकाच चुकीचा आहे. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केल्यास दयाळू परमेश्वर त्यांना क्षमा करील, हे ठाऊक असल्यानेच आपण पळालो, असे तो नगराला क्षमा मिळाल्यावर चौथ्या अध्यायात रागाने सांगतो. त्याची खरी अवज्ञा या कठोरपणात होती आणि निनवेला जाऊन संदेश दिल्यावरही ती संपलेली नव्हती; त्यामुळे त्या नगरातील 1 लाख 20 हजारांहून अधिक माणसांची कीव मी करू नये काय, असे परमेश्वराला त्याला विचारावे लागते.