पार्श्वभूमी : एरंडेलापासून रंगाचं रेझिन

वनस्पती-तेलापासून संरक्षक लेपांचं रेझिन (लेपाचा पापुद्रा धरून ठेवणारा राळेसारखा पदार्थ) करणं हल्ली नवलाईचं म्हणून मांडलं जातं. खरं तर खिडकीच्या गजांना मारायचा साधा ऑइल पेंट त्याच कुळातला. त्यातल्या अल्किड नावाच्या रेझिनची सुरुवात १९२० च्या दशकात अमेरिकेत झाली. ग्लिसरॉल आणि थॅलिक अनहायड्राइड या दोन रसायनांचं रेझिन ठिसूळ होतं, जवसाच्या तेलातली मेदाम्लं जोडल्यावर ते लवचीक झालं आणि हवेवर वाळू लागलं.

रीत आजही फारशी बदललेली नाही. तेल आणि ग्लिसरॉल २३०-२५० अंश सेल्सिअसला तापवायचं, नमुना मिथेनॉलमध्ये स्वच्छ विरघळला की थॅलिक टाकायचं, सुटणारं पाणी झायलीन या द्रावकाबरोबर बाहेर काढायचं आणि अॅसिड व्हॅल्यू (उरलेल्या आम्लाचं माप) उतरेपर्यंत वाट पाहायची.

अडचण जवसाची होती. त्यातल्या लिनोलेनिक आम्लामुळे पांढरा रंग पिवळा पडतो. टंग झाडाच्या बियांचं झटपट वाळणारं तेल चीनमधून यायचं आणि दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला. त्या काळात एरंडेलाचं महत्त्व वाढलं. ते मुळात वाळणारं तेल नव्हे. मात्र त्यातलं जवळपास ९० टक्के आम्ल रिसिनोलेइक असतं आणि त्याच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो. आम्ल-उत्प्रेरक घालून निर्वातात तापवलं की तो गट पाणी होऊन निघून जातो, त्या जागी दुसरा दुहेरी बंध येतो आणि तेल वाळू लागतं. हे निर्जलित एरंडेल पिवळं पडत नाही, म्हणून फ्रिजसारख्या वस्तूंच्या पांढऱ्या, भट्टीत भाजायच्या इनॅमलमध्ये ते बसलं. वाळलेल्या पापुद्र्याला नंतर येणारा चिकटपणा तेवढा नडायचा.

वाद इथूनच सुरू होतो. निसर्गानं फुकट दिलेला हायड्रॉक्सिल गट पाणी करून उडवायचा कशाला, असं आज विचारलं जातं. पॉलियुरेथेन या लेपांच्या प्लास्टिकला नेमका तोच गट लागतो, कारण तो आयसोसायनेट या जोडीदार रसायनाशी जुळून ते बनतं, आणि बाकीच्या तेलांवर तो मुद्दाम घडवावा लागतो. आक्षेप रास्त आहे, पण उशिराचा. पॉलियुरेथेन जर्मनीत १९३७ साली निघालं. युद्धकाळातल्या रंग कारखान्याकडे ना आयसोसायनेट होतं, ना ते हाताळायची सोय. आणि ते हाताळणं आजही सोपं नाही. भोपाळला १९८४ साली गळलेलं रसायन रंगातलं नव्हतं, तरी आयसोसायनेटच होतं. शिवाय हा जोडीदार मुख्यतः खनिज तेलातून येतो. एरंडेलाचा गट वाचवला एवढ्यानं लेप पूर्ण वनस्पतिजन्य होत नाही. जाहिरातीत हे क्वचितच सांगतात.

पुढची धडपड या जोडीदाराला टाळण्याची आहे. इपॉक्सिडीकृत (दुहेरी बंधांवर ऑक्सिजन जोडलेल्या) तेलात कार्बन डायऑक्साइड मुरवून सायक्लिक कार्बोनेट हे मधलं संयुग करायचं आणि त्यावर अमाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन घालायचं. यात आयसोसायनेट लागत नाही, पण विक्रिया रेंगाळते.

महाराष्ट्रात जळगावला सरकी, कडुनिंब आणि करंजाच्या तेलांपासून पॉलियुरेथेन लेप करण्याचं संशोधन झालं आहे. एरंडाचं पीक मात्र मुख्यतः गुजरातचं. कोकण-गोव्याचा दुवा काजूच्या टरफलाच्या तेलाचा: त्यातल्या कार्डानॉल या रसायनापासून केलेले हार्डनर (लेप घट्ट करणारे घटक) जहाजांच्या इपॉक्सी लेपांत वापरले जातात, कारण ते थंड आणि दमट हवेतही लेप घट्ट करतात.