घरगुती मत्स्यालयातील माशांचे रोग

घरातील काचपेटीत पाळलेल्या शोभिवंत माशांना होणारे संसर्गजन्य व असंसर्गजन्य विकार, त्यांचा प्रतिबंध आणि उपचार हा या नोंदीचा विषय आहे. तपशील मुख्यतः मुंबईतील गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांना धरून दिला आहे. तळ्यातल्या माशाला दूषित जागा सोडून जाता येते; पन्नास लिटरच्या पेटीत मासा, त्याची विष्ठा, उरलेले खाद्य आणि परजीवी सगळे एकत्रच असतात. त्यामुळे येथील बहुतेक रोगांचे मूळ पाण्याच्या बिघाडात किंवा नव्याने आणलेल्या माशात सापडते. औषधाचा विचार त्यानंतरचा.

पाणी : मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर पार पाडतात असे जुनी पुस्तके सांगतात. 1998 च्या सुमारास झालेल्या संशोधनानंतर गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे मत अधिक ग्राह्य ठरले आहे. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून पेटी आणि मासे एकाच दिवशी आणले की पहिल्या पंधरवड्यात मासे पटापट मरतात ते बहुधा यामुळेच. त्यांना रोग झालेला नसतो, विषबाधा झालेली असते.

अमोनियाची विषारी बाजू पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे हे दाखवणाऱ्या आकड्यावर, अवलंबून असते. 28° से. तापमानाला पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा सुमारे 0.7 टक्केच भाग विषारी स्वरूपात असतो. पीएच 8 झाला की तो 6 ते 7 टक्क्यांवर जातो. मुंबईत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे नळाचे पाणी पावसाचे, म्हणून मऊ. त्यात आम्ल शोषून घेण्याची क्षमता कमी. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या पेटीत पीएच हळूहळू घसरतो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात साठत राहतो. मग एखाद्या रविवारी सगळे पाणी काढून ताजे भरण्याचा बेत होतो. पाणी थोडेसे जरी मागे राहिले, तरी पीएच एकदम चढून साठलेला अमोनिया विषारी होतो. आणि सगळेच काढले, तर पीएचचा तेवढाच मोठा धक्का माशांना बसतो. साफसफाईनंतर मासे गेले, ही तक्रार येथून येते. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळणे, एवढ्याने हा धोका बराच टळतो. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी कठीण असू शकते. इमारतीत पाण्याचा स्रोत अधूनमधून बदलत असेल तर ते आधी विचारून घ्यावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर किमान 0.2 मिग्रॅ. शिल्लक क्लोरीन असावा असे भारतीय मानक आहे. माणसासाठी योग्य असलेले हे प्रमाणही माशाला त्रासदायक ठरते. बादली उघडी ठेवून त्यात एअर पंपाची नळी चोवीस तास सोडावी, किंवा सोडियम थायोसल्फेट वापरावे. दुकानांत ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणाऱ्या द्रवात बहुधा हेच असते.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग : दुकानदारांच्या भाषेत ‘व्हाइट स्पॉट’ किंवा ‘इच’. इख्थिऑफ्थिरियस मल्टिफिलीस हा पक्ष्माभिकी (केसांसारख्या तंतूंनी पोहणारा) एकपेशीय आदिजीव याला कारणीभूत असतो. रोगाचा उगम निश्चित नाही. आशियातील कार्प माशांवरचा हा परजीवी माशांच्या वाहतुकीबरोबर जगभर पसरला, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. त्याला आधार म्हणून सुंग काळातील एका चिनी टिपणाचा उल्लेख होतो : मासा रोडावतो, अंगावर पांढरे ठिपके उठतात, त्याला ‘ऊ’ म्हणतात, झाडाची साल पाण्यात टाकल्यास तो बरा होतो, अशा आशयाचे. हे टिपण परंपरेने कवी सू शी (1037–1101) याच्या नावावर आहे. काही अभ्यासक ते त्याच्याआधीच्या एका बौद्ध भिक्षूचे मानतात. वर्णन याच रोगाचे आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही, कारण पांढरे ठिपके इतर परजीवींमुळेही दिसतात. तरीही एक साम्य लक्षात ठेवण्यासारखे आहे : 1876 मध्ये फूके या फ्रेंच अभ्यासकाने दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थही ‘माशावरची ऊ’ असाच होतो आणि ‘मल्टिफिलीस’ म्हणजे पुष्कळ लेकरांची. त्यापूर्वी 1869 मध्ये हिल्गेनडोर्फ व पॉलिकी यांनी जर्मनीत या जीवाचे वर्णन केले होते.

‘पुष्कळ लेकरे’ हे नाव सार्थ आहे. माशाच्या त्वचेखाली वाढलेला जीव (आकार सुमारे अर्धा ते एक मिमी.) गळून तळाशी किंवा पानावर बसतो, स्वतःभोवती कोष्ठ करतो आणि विभागत जातो, एकापासून कधीकधी हजारापर्यंत पिल्ले सुटतात. त्यांना साधारण एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. 25° से.च्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते. थंड पाण्यात महिन्याहून अधिक लागतो. औषध लागू पडते ते मुख्यतः पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांवर. त्वचेखालच्या ठिपक्यावर किंवा कोष्ठावर ते फारसे चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग स्वच्छ दिसले म्हणून औषध थांबवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे : ठिपके मेलेले नसतात, तळाशी उतरलेले असतात. मुंबईच्या हवेत शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी आठवडाभर तरी उपचार चालू ठेवणे योग्य.

मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन यांचे मिश्रण 1970 च्या दशकापासून रूढ आहे. लोच, मांजरमासे आणि काही टेट्रा जातींना ते सोसत नाही. त्यांना अर्धी मात्रा देतात. दोन्ही द्रव्ये माणसालाही अपायकारक आहेत. एका खोलीच्या घरात तर खिडकी उघडून, हातमोजे घालूनच ती हाताळावीत, आणि खाण्यासाठी वाढवलेल्या माशांना मॅलाकाइट ग्रीन मुळीच देऊ नये. दुसरा मार्ग जाड्या मिठाचा (प्रतिलिटर 1 ते 3 ग्रॅम, हळूहळू वाढवत) आणि 30° से. तापमानाचा. उष्णतेने परजीवी मरतो असे अनेक हौशी पालक मानतात. उष्ण प्रदेशांतील काही वाण याहून गरम पाण्यातही टिकतात, म्हणून उष्णतेचे काम चक्र वेगाने फिरवून पिल्लांना औषधापुढे आणणे एवढेच समजावे. मे महिन्यात मुंबईतल्या पेट्यांचे पाणी हीटरशिवायही 30° च्या आसपास जाते. तेव्हा प्रतिलिटर साडेसात मिग्रॅ.च्या आसपासच ऑक्सिजन विरघळू शकतो, आणि कल्ले आधीच सुजलेले असतात. म्हणून उपचाराच्या काळात एअर पंप बंद ठेवू नये. 12 ऑक्टोबर 2020 रोजी शहरभर काही तास वीज गेली होती, तशा प्रसंगासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरी असणे हिताचे.

खाऱ्या पाण्यातील अशाच रोगाचा जीव (क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स) 1951 मध्ये, म्हणजे मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले त्याच वर्षी, नामकरण पावला. दोघांची लक्षणे सारखी असली तरी जवळचे नाते नाही, असे 2002 मधील जनुकीय अभ्यासातून दिसते.

कॉलम्नॅरिस : गप्पी, मॉली यांच्या तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा येतो. कापसासारखा दिसत असल्याने त्याला ‘फंगस’ म्हणतात, पण हा जिवाणुजन्य रोग आहे. डेव्हिस याने 1922 मध्ये त्याचे वर्णन केले; फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नॅरे ही एकच जाती मानली जाई, 2022 मध्ये तिचे चार जातींत विभाजन सुचवले गेले. घरी निदान करताना एवढे पाहावे : खरी बुरशी (सॅप्रोलेग्निया) बहुधा जुन्या जखमेवर येते, तिचे धागे लांब आणि मोकळे असतात व ती सावकाश पसरते. कॉलम्नॅरिस उकाड्यात एक-दोन दिवसांत मासा संपवतो. त्यामुळे ठिपक्यांच्या रोगात चालणारी तापमानवाढ येथे घातक ठरते.

इतर विकार : पर झिजणे हे बहुतेकदा अस्वच्छ पाण्याचे लक्षण असते आणि पाणी सुधारताच थांबते. जलोदरात पोट फुगून खवले उभे राहतात. हा स्वतंत्र रोग नाही, मूत्रपिंडे निकामी झाल्याची ती खूण आहे. या अवस्थेतील मासा क्वचितच वाचतो. फ्लॉवरहॉर्न या संकरित माशाच्या डोक्यावर पडणाऱ्या खड्ड्यांचे कारण वादग्रस्त आहे. स्पायरोन्यूक्लियस या आतड्यातील परजीवीवर मेट्रोनिडाझोल हे औषध देतात, तर काहींच्या मते निकृष्ट खाद्य आणि नायट्रेट हेच मूळ आहे. दोन्ही सुधारणे एकत्र करावे, हे बरे. गोल्डफिशवरील अँकर वर्म हा धाग्यासारखा परजीवी डोळ्यांना दिसतो आणि चिमट्याने काढता येतो. कल्ल्यांवरील चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल हे जंतनाशक वापरतात. विषाणुजन्य रोगांवर उपचार उपलब्ध नाहीत.

प्रतिबंध : क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला मासा कितीही तजेलदार दिसला तरी तीन ते चार आठवडे वेगळा ठेवावा. जागेची अडचण खरी आहे. पण झाकण असलेली वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली आणि स्पंज फिल्टर एवढ्यावर भागते. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगवून तापमान जुळवावे, मासा जाळीने उचलावा, पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. जाळी दोन्हीकडे एकच वापरल्यास विलगीकरणाचा उपयोग राहत नाही. गटारातून गोळा केलेल्या जिवंत ट्युबिफेक्स या बारीक लाल कृमींऐवजी कोरडे किंवा गोठवलेले खाद्य सुरक्षित. मेथिलीन ब्लू आणि प्रतिजैविके मुख्य पेटीत टाकल्यास फिल्टरमधील जिवाणू मरतात. ती वेगळ्या भांड्यातच द्यावीत. माणसांच्या गोळ्या अंदाजाने कुटून टाकण्याची प्रथा निषेधार्ह आहे, कारण त्यातून औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. 

आजारी मासा तलावात किंवा नाल्यात सोडू नये. वाचण्याची आशा नसेल तर लवंग तेलाच्या तीव्र द्रावणात त्याला वेदनेशिवाय मरण देता येते.

मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूमुळे माशांना क्षय होतो : मासा खंगतो, पाठ वाकते, अंगावर व्रण पडतात. 1926 मध्ये अ‍ॅरन्सन याने त्याचे वर्णन केले. हातावर ओरखडा असताना पेटीत हात घातल्यास माणसालाही त्याचा संसर्ग होऊ शकतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न भरणारी गाठ येते. अशी गाठ दाखवताना घरी मासे पाळतो, हे त्वचारोगतज्ज्ञाला आपणहून सांगावे.