लिथुएनियन व्यक्तिनामे

बाल्टिक समुद्राकाठच्या लिथुएनियातील नावे व आडनावे. ख्रिस्ती संतांच्या नावांपुढे येथील जुनी नावे मागे हटली, पण नाहीशी झाली नाहीत. आडनावांत आणि इतिवृत्तांत ती टिकली आणि आधुनिक काळात पुन्हा बारशाला ठेवली जाऊ लागली.

मूळ नावे दोन पदांची असत. मिंदाउगास या नावात ‘मिन्’ (स्मरण, विचार) आणि ‘दाउग’ (पुष्कळ) ही पदे आहेत. वीताउतासमधील ‘ताउता’ म्हणजे लोक, तर अल्गिर्दासमधील ‘गिर्द’ हे ऐकण्याशी संबंधित पद. पदांची अदलाबदल केली तरी चाले : विद्मांतास आणि मांत्वीदास ही दोन्ही नावे प्रचलित आहेत. म्हणूनच अशा जोडनावातून सलग वाक्यासारखा अर्थ काढण्याचा खटाटोप बहुधा फसतो. केस्तुतिस हे अशाच एका लांब नावाचे आटोपशीर रूप होय.

लिथुएनियाचा महाराजा योगाइला 1386 मध्ये बाप्तिस्मा घेऊन व्लादिस्लाव झाला आणि पोलंडच्या गादीवर बसला. पुढच्याच वर्षी लिथुएनियात सामुदायिक बाप्तिस्मे झाले. पोलिश इतिवृत्तकार यान द्‌वुगोश सांगतो, की सामान्य लोकांना गटागटाने उभे करून पाणी शिंपडले जाई आणि अख्ख्या गटाला एकच नाव मिळे. योनास, पेत्रास, ओना, मारिया अशी नावे पुढे घरोघरी रुळली. झेमाइतिया प्रांताचा बाप्तिस्मा 1413 मध्ये सुरू झाला.

जुन्या नावांना आसरा मिळाला तो आडनावांत. राद्विला आणि गोश्ताउतास या बड्या सरदार घराण्यांची नावे मुळात पूर्वजांची व्यक्तिनामे होती. शेतकऱ्यांत आडनावे फार उशिरा स्थिरावली. बापाच्या नावाला नैर्ऋत्येकडे ‘-आइतिस’, तर ईशान्येकडे ‘-एनास’ असा प्रत्यय लागे. प्रशियातील लिथुएनियन कवी दोनेलाइतिस (1714–1780) याचे आडनाव पहिल्या प्रकारचे. चर्चच्या नोंदी मात्र पोलिश वळणाने लिहिल्या जात, त्यामुळे ‘-आउस्कास’ आणि ‘-अविचुस’ हे शेवट पसरले. देशातील सर्वांत प्रचलित आडनाव काझ्लाउस्कास हे पोलिश कोझ्वोव्स्कीचे लिथुएनियन रूप आहे, हा इतिहासाचा चिमटाच म्हणायचा.

राष्ट्रीय जागृतीच्या काळात जुन्या राजांची नावे मुलांना ठेवण्याची लाट आली. अडचण अशी, की दप्तरांत ती स्लाव्ह किंवा लॅटिन वेषात उरली होती; वीताउतासचे वितोव्त, वितोल्द झाले होते. भाषाशास्त्रज्ञ काझिमेरास बूगा याने जुन्या नोंदी आणि हयात आडनावे ताडून अशा नावांची मूळ रूपे लावली. या विषयावरचे त्याचे काम 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन महायुद्धांदरम्यान वीताउतास हे नाव विलक्षण लोकप्रिय झाले. 1930 मध्ये या नावाच्या मध्ययुगीन लिथुएनियन महाराजाची पाचशेवी पुण्यतिथी देशभर साजरी झाली. सगळीच ‘प्राचीन’ नावे खरोखर प्राचीन नाहीत : ग्राझिना हे मित्सक्येविच या पोलिश कवीने 1823 च्या काव्यासाठी घडवलेले. निसर्गातली नावेही वाढली : एग्ले (स्प्रूस वृक्ष), गिंतारास (अंबर), रासा (दव), आउश्रा (पहाट). शेवटची दोन मराठी वाचकाला रस आणि उषा यांची आठवण करून देतील, आणि नाते खरोखरच तेच आहे.

स्त्रियांच्या आडनावांवरून वैवाहिक स्थिती कळते. पाउलाउस्कासची पत्नी पाउलाउस्केने, मुलगी पाउलाउस्काइते. मुलीचा प्रत्यय वडिलांच्या आडनावाच्या शेवटावर ठरतो. म्हणून माजी राष्ट्राध्यक्षा ग्रिबाउस्काइते, पण माजी पंतप्रधान शिमोनीते. विवाहाचा उल्लेख नको असणाऱ्यांसाठी नुसत्या ‘-ए’ शेवटाचे रूप 2003 पासून मान्य आहे, तरी त्यावर कुरकुर चालू असते.

लिथुएनियन वर्णमालेत नसलेली क्यू, डब्ल्यू, एक्स ही अक्षरे 1 मे 2022 पासून काही अटींवर अधिकृत कागदपत्रांत लिहिता येतात. परदेशी जोडीदाराचे आडनाव घेणाऱ्यांची सोय झाली. पोलिश अल्पसंख्याकांची खुणांकित अक्षरांची मागणी मात्र त्या कायद्याने पुरी केली नाही.